सेकंदांच्या हिशेबात सापडलेला समुद्रतळ

भूकंपशास्त्राच्या जुन्या नोंदी चाळल्या, की 'पीओओ' ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा भेटतात. हे आपलं पुणे, जुन्या इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या पुढाकाराने जगभर एकाच पद्धतीची सुमारे १२० भूकंपनोंदणी केंद्रं उभी राहिली. त्यांतली चार भारतात होती: दिल्ली, शिलाँग, कोडाईकनाल आणि पुणे. जमिनीखाली कोण गुपचूप अणुचाचण्या करतंय ते पकडणं, हा यामागचा हेतू. पण सगळीकडे तीच यंत्रं आणि तशीच अचूक घड्याळं बसवलेली होती, आणि नोंदी मायक्रोफिल्मवर मागेल त्या संशोधकाला मिळत होत्या. त्यामुळे एका वेगळ्याच शोधाला बळ मिळालं. समुद्राचा तळ शेकडो किलोमीटर खाली बुडतो, आणि बुडताना तो कुठे वाकतो, कुठे थबकतो, कुठे तुटतो, हे हळूहळू 'दिसायला' लागलं.

'दिसायला' हा शब्द इथे जपून वापरायला हवा, कारण तिथपर्यंत कोणी पोचलेलं नाही आणि पोचणारही नाही. माणसाने खणलेलं सर्वांत खोल भोक रशियात कोला इथे आहे, १२ किलोमीटरांहून थोडं जास्त. आपल्याकडे कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी खणलेलं विवर ३ किलोमीटर खोल आहे. आणि आपण बोलतोय ते शंभर, तीनशे, सातशे किलोमीटर खोलीबद्दल. एवढ्या खोलवरून आपल्यापर्यंत सविस्तर निरोप आणतात त्या भूकंपाच्या लहरी. त्या किती वाजता पोचल्या आणि कोणत्या अवस्थेत पोचल्या, एवढ्यावरून बाकीचं सगळं ओळखायचं.

आधी प्लेटबद्दल. पृथ्वीचं वरचं कडक आवरण तुकड्यांनी बनलेलं आहे. त्या तुकड्यांना प्लेट किंवा भूपट्ट म्हणतात. प्लेटमध्ये वरचं भूकवच येतं, आणि त्याखालच्या प्रावरणाचा, म्हणजे कवच आणि पृथ्वीचा गाभा यांच्यामधल्या जाड थराचा, वरचा थंड, कडक भागही येतो. समुद्राखालची जुनी प्लेट ८०-१०० किलोमीटर जाड असते. महासागरांच्या मध्यावर तळाशी असलेल्या पर्वतरांगांपाशी ती तयार होते तेव्हा गरम असते. पुढे कोट्यवधी वर्षं थंड होत जाते, थंड होता होता जड होते आणि शेवटी दुसऱ्या प्लेटखाली शिरून बुडायला लागते. वेग वर्षाला काही सेंटिमीटर. वर्षाला ५ सेंटिमीटर धरले, तर ५०० किलोमीटर आत जायला एक कोटी वर्षं लागतात. एवढ्या वेळातही ती आतून पूर्ण तापत नाही, कारण खडकातून उष्णता फार सावकाश जाते. भोवतालच्या प्रावरणापेक्षा तिचा गाभा कित्येकशे अंशांनी थंडच राहतो. हा थंडपणा लक्षात असू द्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पुणे भारतीय प्लेटच्या आतल्या भागात आहे, कडांपासून लांब. कोयनेचा १९६७चा आणि किल्लारीचा १९९३चा भूकंप हे प्लेटच्या पोटातले, उथळ भूकंप होते. त्यांची गोष्ट वेगळी. आपल्या प्लेटची बुडणारी कड पूर्वेला आहे, अंदमान-निकोबारपासून सुमात्रापर्यंत. तिथे बंगालच्या उपसागराचा तळ बेटांच्या खाली शिरतो. उत्तरेला हिमालयात आपलं खंडच तिबेटखाली घुसतंय, पण खंडाचा खडक हलका, तो समुद्रतळासारखा सहज बुडत नाही. आणि वायव्येला हिंदुकुशाखाली एक विलक्षण कोपरा आहे, त्याकडे शेवटी येऊ.

भूकंप झाला की दोन मुख्य प्रकारच्या लहरी खडकाच्या आतून निघतात. पी लहर खडकाला पुढेमागे दाबत-ताणत जाते. ती आधी पोचते. प्रावरणाच्या वरच्या भागात तिचा वेग सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर. एस लहर खडकाला आडवं हलवत जाते, सेकंदाला साधारण साडेचार किलोमीटरने, आणि द्रवातून ती जाऊच शकत नाही. कागदावरच्या नोंदीत या लहरी वेगवेगळ्या ओळखता येतात, हे दाखवून दिलं रिचर्ड ओल्डहॅम यांनी. ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते आणि त्यांच्या हाताशी १८९७च्या शिलाँगच्या (तेव्हा आसामात) प्रचंड भूकंपाच्या इटलीत झालेल्या नोंदी होत्या. पृथ्वीच्या पोटात डोकावण्याच्या या शास्त्राची एक मोठी पायरी आपल्या आसामच्या भूकंपावर रचली गेली, हे आपल्याकडे शाळेत सांगायला हवं असं मला फार वाटतं.

२६ डिसेंबर २००४ घ्या. सकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी सुमात्राजवळ प्लेटची कड सुटली. तिथून पुणे सुमारे २९०० किलोमीटर. पी लहर साडेपाच ते सहा मिनिटांत इथे आली, एस लहर दहा मिनिटांच्या आसपास. त्या दिवशी सुमात्रापासून अंदमानपर्यंत जवळजवळ १३०० किलोमीटर लांबीचा सांधा उत्तरेकडे सरकत सुटत गेला आणि त्याला आठ ते दहा मिनिटं लागली. म्हणजे पहिली लहर पुण्याला पोचली तेव्हा तिकडे सांधा सुटणं संपलेलंही नव्हतं.

पी आणि एस यांच्यातलं हे अंतर हेच पहिलं हत्यार. एका केंद्रावर दोघींमध्ये किती सेकंद गेले त्यावरून भूकंप किती लांब झाला ते कळतं. बऱ्याच केंद्रांच्या नोंदी एकत्र केल्या की जागा आणि खोलीही कळते. जपानच्या हवामान खात्यातले कियो वादाती १९२०च्या दशकात हेच करत होते. तेव्हा समज असा, की भूकंप फक्त वरच्या थरात होतात. खोलवरचा खडक तापलेला आणि दाबाखाली असतो, तो मोडणार कसा, वाहील फार तर! वादातींनी १९२८मध्ये दाखवलं, की जपानखाली शेकडो किलोमीटर खोलीवरही भूकंप होतात. पुढे त्यांनी नकाशावर खोलीच्या रेषा काढल्या, तेव्हा पॅसिफिकच्या बाजूला उथळ आणि आशियाच्या बाजूला खोल, असा तिरका उतरता पट्टा उमटला. अमेरिकेत ह्यूगो बेनिऑफ यांनी इतर सागरी गर्तांखालीही असेच पट्टे दाखवले, आणि आज त्यांना वादाती-बेनिऑफ पट्टे म्हणतात. (पुण्याच्या केंद्रातलं कमी आवर्तकालाचं, म्हणजे जलद कंपनं टिपणारं, यंत्र याच बेनिऑफ यांच्या रचनेचं होतं.) जगातले सर्वांत खोल भूकंप सुमारे ७०० किलोमीटरवर होतात, त्याखाली जवळपास शांतता.

पण तिरका पट्टा दिसला म्हणजे प्लेट खाली जातेय हे सिद्ध झालं का? नाही. ती नुसती एखादी मोठी भेग असू शकते. याच प्रश्नावर पुढची तीसेक वर्षं गाडी अडली होती, आणि ती ज्या निरीक्षणाने सुटली ते मला या सगळ्या शास्त्रातलं सर्वांत देखणं निरीक्षण वाटतं.

दक्षिण पॅसिफिकमध्ये टोंगा आणि फिजी ही दोन बेटसमूहांची राज्यं आहेत. टोंगाच्या पूर्वेला खोल गर्ता आहे. तिथून भूकंपांचा पट्टा पश्चिमेकडे उतरत जातो आणि फिजीच्या बाजूला ६०० किलोमीटरांच्याही खाली पोचतो. १९६०च्या दशकाच्या मध्याला जॅक ऑलिव्हर आणि ब्रायन आयझॅक्स या भूकंपशास्त्रज्ञांनी दोन्हीकडे यंत्रं बसवली. एकच खोल भूकंप, दोन्ही बेटांपर्यंतची अंतरंही तुलना करण्याजोगी, पण नोंदी मात्र अगदी वेगळ्या. टोंगाला एस लहर ठसठशीत यायची, बारीक आणि जलद कंपनांनी भरलेली, आणि अपेक्षेपेक्षा लवकर. फिजीला तीच लहर मंद आणि पसरट होऊन यायची, जलद कंपनं वाटेतच विरून गेलेली.

आता यातलं मर्म. जलद कंपनं थंड आणि कडक खडकातून टिकून राहतात. गरम, मऊसर खडकात त्यांची ऊर्जा उष्णतेत जिरते. टोंगाला येणारी लहर भूकंपांच्या त्या तिरक्या पट्ट्यातूनच वर येत होती, फिजीला येणारी पट्टा सोडून बाहेरच्या प्रावरणातून. म्हणजे तो पट्टा नुसती भेग नव्हती. तिथे सुमारे १०० किलोमीटर जाडीचा, थंड, कडक खडकाचा थर होता, आणि एवढीच जाडी वर समुद्राखालच्या प्लेटची आहे. प्लेट वाकून सरळ खाली गेली आहे, याहून सोपा अर्थ त्या नोंदींना देता येत नव्हता. १९६७मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी आयझॅक्स, ऑलिव्हर आणि लिन साइक्स यांनी जगभरच्या भूकंपांच्या नोंदी प्लेट सरकण्याच्या कल्पनेशी ताडून पाहिल्या, आणि त्या जुळल्या. खोल भूकंपांचं कोडंही अर्धं सुटलं: खोलवरचा खडक मोडतो, कारण तो तिथला नाहीच, वरून थंडपणा घेऊन आलेला पाहुणा आहे तो.

प्लेट आहे हे कळलं; तिचा आकार कसा काढायचा? यासाठी जी पद्धत वापरतात तिला टोमोग्राफी म्हणतात. दवाखान्यातल्या सीटी स्कॅनमधला 'टी' तोच. ती पुणेकराला समजावण्यासाठी पुण्याची वाहतूक पुरेशी आहे.

समजा, शिवाजीनगरला सकाळी बैठक आहे आणि माणसं शहराच्या सगळ्या बाजूंनी येणार आहेत. प्रत्येकाला एरवी किती वेळ लागतो ते आपल्याला ठाऊक आहे. आज कोथरूडहून कर्वे रस्त्याने येणारे सगळे दहा मिनिटं उशिरा आले. कोंडी कर्वे रस्त्यावर आहे हे उघड, पण नेमकी कुठे? सगळे त्याच रस्त्याने त्याच दिशेने आले असतील तर ते सांगता येणार नाही. दहा मिनिटांचा तोटा पूर्ण रस्त्यावर पसरून मांडावा लागेल. पण सिंहगड रस्त्यावरचा एक जण म्हात्रे पुलावरून आला, नळस्टॉपचा चौक ओलांडून लॉ कॉलेज रस्त्याला लागला आणि वेळेवर पोचला. मग नळस्टॉप मोकळा आहे, कोंडी दुसरीकडे, बहुधा पुढे डेक्कनकडे. आडव्या-उभ्या वाटा जितक्या एकमेकींना छेदतील तितकी जागा नेमकी होते. आणि ज्या भागातून कोणीच आलं नाही, तिथे कोंडी आहे की नाही हे बैठकीत बसून सांगता येत नाही.

लहरींचं हेच, फक्त बुडालेल्या प्लेटमध्ये उशीर होत नाही, घाई होते. थंड खडकात वेग साधारण एक ते पाच टक्क्यांनी जास्त असतो. ५०० किलोमीटरची वाट लहर एरवी साठेक सेकंदांत कापते. ती सगळी वाट प्लेटमधून गेली आणि वेग चार टक्के जास्त असला, तर ती सुमारे अडीच सेकंद आधी येते. बहुतेक लहरी प्लेटला तिरप्या छेदून जातात, त्यांचा फरक त्याहून कमी, कधी सेकंदाचा काही भागच. म्हणून लाखो नोंदी लागतात, म्हणून सगळीकडची घड्याळं जुळलेली लागतात, आणि म्हणून पुण्यासारख्या केंद्राने वर्षानुवर्षं चिकाटीने कळवलेल्या वेळा मोलाच्या ठरतात. आपल्या जागेचा एक खास फायदाही आहे. अंदमानचे भूकंप पुण्याहून साधारण वीस अंशांवर, म्हणजे २१००-२२०० किलोमीटरवर पडतात. एवढ्या अंतरावर येणाऱ्या पी लहरी ४०० ते ७०० किलोमीटर खोलीच्या पट्ट्यापर्यंत जाऊन वळतात आणि वर येतात. त्या पट्ट्यात प्रावरणाच्या खनिजांची रचनाच बदलते, त्यामुळे त्यांच्या नोंदी गुंतागुंतीच्या असतात, पण त्यांत माहितीही भरपूर असते.

टोमोग्राफीची निळी-तांबडी चित्रं इंटरनेटवर खूप फिरतात. निळं म्हणजे वेगवान, बहुधा थंड. तांबडं म्हणजे मंद, बहुधा गरम. त्यांना फोटो समजू नये. चित्रातली प्लेट खऱ्या प्लेटपेक्षा जाड आणि अस्पष्ट दिसते, आणि जिथे वाटा विरळ तिथे निळा डाग लहरींच्याच दिशेने ओघळल्यासारखा लांबतो. संशोधक म्हणून एक चाचणी करतात. संगणकात मुद्दाम खोटी, माहीत असलेली रचना भरायची, खरे भूकंप आणि खरी नोंदणी केंद्रं यांच्या जोड्यांनी तिच्या वेळा काढायच्या, आणि त्या वेळांवरून मूळ रचना परत मिळते का ते पाहायचं. जिथे मिळत नाही, तिथल्या चित्रावर विश्वास ठेवायचा नाही. ही चाचणी न दाखवता नुसतं रंगीत चित्र पुढे केलं असेल, तर मी ते बाजूला ठेवतो.

प्लेटच्या आतले पापुद्रे टोमोग्राफीला सहसा दिसत नाहीत. समुद्रतळाचं भूकवच जेमतेम ७ किलोमीटर जाड, ते धूसर चित्रात हरवतं. तिथे दुसरी युक्ती चालते. पी लहर दोन वेगळ्या खडकांच्या सीमेवर आदळली, की तिचा थोडा भाग एस लहरीत बदलतो. ही एस मूळ पी लहरीच्या मागोमाग काही सेकंदांनी पोचते, आणि त्या सेकंदांवरून सीमा किती खोल आहे ते निघतं. दख्खनच्या पठाराखालचं भूकवच किती जाड, हे मोजायलाही हीच युक्ती कामी येते. बुडणाऱ्या प्लेटवर ती वापरली की वरचा पातळ, मंद वेगाचा थर ठळक दिसतो. पुरेशा खोलीवर हा थर दिसेनासा होतो, कारण दाबाने तिथला खडक पाणी सोडून अधिक घनतेचं रूप घेतो.

हे पाणी महत्त्वाचं आहे. समुद्रतळाच्या खनिजांत ते बांधलेलं असतं; खाली दाब आणि उष्णता वाढली की सुटतं, वर चढतं आणि वरच्या गरम प्रावरणाचा वितळणबिंदू खाली आणतं. त्यातून शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, तयार होतो. जगातल्या ज्वालामुखींच्या कमानी बहुतेक ठिकाणी प्लेट सुमारे १०० किलोमीटर खोल गेली असेल तिथेच वर उभ्या असतात. अंदमानच्या कमानीवरचं बॅरन बेट, भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, दीडशेहून जास्त वर्षं शांत राहून १९९१मध्ये पुन्हा जागा झाला, तो याच यंत्रणेचा भाग. ईशान्य जपानखाली १९७८मध्ये अकिरा हासेगावा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की प्लेटच्या आत भूकंपांचे एकाखाली एक दोन थर आहेत, त्यांच्यात ३०-४० किलोमीटरचं अंतर. खनिजांतून सुटणारं पाणी खडकाला मोडायला मदत करतं, हे त्याचं आज सर्वाधिक मानलं जाणारं कारण.

आणखी खाली, ६६० किलोमीटरवर, प्लेटची परीक्षा होते. तिथे प्रावरणाची खनिजं अधिक घनतेची होतात आणि खालचं प्रावरण जास्त चिकट आहे. जपानकडून गेलेली पॅसिफिक प्लेट ईशान्य चीनखाली याच पातळीवर आडवी पसरलेली दिसते. मारियाना बेटांखाली मात्र तीच प्लेट जवळजवळ उभी घुसून पलीकडे जाते. आपल्या उपखंडाखाली तर त्याहून खोल काही तरी आहे. रॉब व्हॅन डर वू आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये दाखवलेल्या चित्रांत भारताखाली १००० ते २३०० किलोमीटरच्या दरम्यान वेगवान खडकाचे लांबट पट्टे आहेत. भारत आणि आशिया यांच्यामध्ये एकेकाळी टेथिस समुद्र होता. भारत उत्तरेकडे सरकत आला तसा त्याचा तळ बुडत गेला, आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी टक्कर झाल्यावर तो समुद्र मिटला. त्या पट्ट्यांपैकी काही म्हणजे त्याच तळाचे अवशेष, असा त्यांचा अर्थ लावतात. समुद्र गेला, भारत त्याच्या जागेवरून पुढे सरकला, आणि तळ मात्र खाली अजून थंड राहून ओळखू येतोय.

आता हिंदुकुश. ऑक्टोबर २०१५मध्ये तिथे ७.५ तीव्रतेचा भूकंप झाला, दोनशे किलोमीटरांहूनही खोल. दिल्लीतली माणसं रस्त्यावर आली. मृतांची संख्या चारशेच्या आसपास होती. ऑक्टोबर २००५चा काश्मीरचा भूकंप जवळजवळ तेवढ्याच तीव्रतेचा, ७.६चा, पण उथळ. त्यात ऐंशी हजारांहून जास्त माणसं गेली. वस्ती आणि बांधकाम यांचा फरक आहेच, पण दोनशे किलोमीटर खडक मध्ये असणं ही मोठी गोष्ट आहे. प्रश्न असा, की समुद्रापासून इतक्या दूर, डोंगरांच्या पोटात एवढ्या खोलीवर मोडण्याइतका थंड खडक आला कुठून? भूकंपांच्या जागा आणि टोमोग्राफी मिळून तिथे जवळजवळ उभी लोंबणारी, अरुंद पट्टी दाखवतात. ती स्वतःच्या वजनाने ताणली जातेय, मध्ये बारीक होतेय आणि तुटण्याच्या बेतात आहे, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. ती टेथिसच्या तळाचा शेवटचा तुकडा आहे, की खंडाचाच खालचा थर सोलून खाली ओढला गेलाय, यावर अजून एकमत नाही. दोन्ही शक्यतांमध्ये लहरींचा वेग आणि त्या वेगाची खोलीगणिक बदलण्याची पद्धत थोडी वेगळी असायला हवी. तो फरक पकडायला यंत्रं त्या पट्टीच्या डोक्यावर, पामीर आणि हिंदुकुशाच्या डोंगरांत दाट बसवावी लागतात, आणि अफगाणिस्तानच्या बाजूला ते करणं आजही अवघड आहे.